पाचशेच्या स्टॅम्पवरची फारकत

ऑगस्ट २०२४ मध्ये ती पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आली तेव्हा तिच्या हातात एक पारदर्शक प्लॅस्टिकचं फोल्डर होतं आणि त्यात एकच कागद होता. पाचशे रुपयांचा स्टॅम्पपेपर, खाली दोघांच्या सह्या, चार साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का. वर ठळक टायपात ‘फारकतनामा’.

“मॅडम, आमचा घटस्फोट तीन वर्षांपूर्वीच झालाय,” ती म्हणाली. “आता ह्यांना परत एक सही हवीय. ती कशाला, तेवढंच विचारायला आले.”

कागदावर नवरा सोडून तीन वर्षं झाली होती, पण तोंडात अजून ‘हे’ होतं. कायद्यानेही अजून ‘हे’च होते, हे तिला माहीत नव्हतं.

हे प्रकरण मी मुद्दाम लिहिते आहे, कारण यात काहीही सनसनाटी नाही. मारहाण नाही, पोलीस नाहीत, दोघांनाही वेगळं व्हायचंय आणि तेही भांडण न करता. अशा प्रकरणात वकिलाला काय काम, असं लोकांना वाटतं. ओळख पटू नये म्हणून गाव, नोकऱ्या आणि काही आकडे बदलले आहेत. कायद्याची बाजू आहे तशी आहे.

लग्न डिसेंबर २०१६ चं, हिंदू पद्धतीने, रीतसर नोंदणी झालेलं. मुलगी जून २०१८ ची. २०१९ च्या सुरुवातीला शहरात दोघांच्या नावे फ्लॅट घेतला, गृहकर्जही दोघांच्या नावे. तो वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ. लॉकडाउनच्या वर्षात घरात सासू, दीर आणि पगारकपात एकदमच आले. कोण कुणाला काय बोललं ते इथे सांगत बसत नाही. दोघांच्या दोन हकिगती होत्या आणि मला दोन्ही खऱ्या वाटल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती मुलीला घेऊन माहेरी आली. जुलैमध्ये दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली, ‘कोर्टाची पायरी नको’ असं ठरलं आणि तालुक्याच्या गावी नोटरीसमोर हा कागद झाला. त्यात तीन कलमं होती. आजपासून आपण नवरा-बायको नाही. एकमेकांवर कसलाही हक्क नाही. मुलीचा खर्च आई करील, वडिलांकडे मागणार नाही.

मग तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, सही मागायला त्याचा फोन का आला? त्याचं दुसरं लग्न ठरत होतं. होणाऱ्या सासऱ्यांनी फारकतनामा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “कोर्टाची ऑर्डर कुठाय?” या गृहस्थांना मी पुढे कितीदा तरी मनातल्या मनात नमस्कार केला आहे.

कागदाची किंमत

हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली झालेलं लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय मोडत नाही. नोटरी फक्त एवढंच सांगतो की सह्या करणारी माणसं त्याच्यासमोर आली होती. लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही, पंचांना नाही आणि स्टॅम्प पाचशेचा असो की पाच हजारांचा, त्यालाही नाही. काडीमोडीची रूढी असलेल्या समाजांसाठी कायद्याने कलम २९ मध्ये एक दार उघडं ठेवलं आहे, हे खरं. पण तशी रूढी आपल्या समाजात पूर्वापार आणि सलग चालत आली आहे, हे जो म्हणतो त्याने कोर्टात पुराव्याने सिद्ध करायचं असतं. “आमच्यात चालतं” म्हटलं की झालं, असं नाही. तिच्या भावाने पहिल्याच भेटीत हेच वाक्य टाकलं. मी विचारलं, “तुमच्या घराण्यात, भावकीत अशा किती फारकती झाल्या, नावं सांगा.” दादा एकदम गप्प झाले. एकही नव्हती.

म्हणजे त्याने त्या कागदाच्या भरवशावर लग्न उरकलं असतं तर ते दुसरं लग्न मुळातच रद्दबातल. वर गुन्हा वेगळा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. सगळ्यात मोठी फसगत झाली असती ती त्या दुसऱ्या मुलीची. तिला पत्नी म्हणून उभं राहायला जागाच उरली नसती.

मुलीच्या खर्चाचं कलम तर निव्वळ शाईचा अपव्यय होता. पोटगी हा मुलीचा स्वतःचा हक्क आहे. आईने तो कागदावर सोडून दिला म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही.

पण हा कागद टाकाऊ होता का? तर नाही. इथे जरा थांबते, कारण वकिलीतली गंमत इथेच आहे. घटस्फोट म्हणून त्याची किंमत शून्य, पण दोघं जुलै २०२१ च्या आधीपासून वेगळे राहतात याचा तो दोघांच्या सहीचा पुरावा होता आणि पुढे तो आम्हाला फार उपयोगी पडला. त्याच वेळी तो एका जागी तिच्याविरुद्धही जात होता. एकतर्फी घटस्फोट मागायचा तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मधलं एखादं कारण सिद्ध करावं लागतं: क्रूरता, व्यभिचार, किमान दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार वगैरे. त्यातलं ‘सोडून जाणं’ तिला वापरताच आलं नसतं. कायद्याच्या व्याख्येत हे सोडून जाणं दुसऱ्याच्या संमतीविना किंवा इच्छेविरुद्ध असावं लागतं. इथे तर दोघांनी राजीखुशीने वेगळं होत असल्याचं साक्षीदारांसमोर लिहून दिलं होतं.

“एवढी वर्षं वेगळे आहोत, आपोआप होत नाही का?” हा प्रश्न तिनेही विचारला आणि पुढे त्यानेही. नाही होत. दहा वर्षं वेगळे राहिलात तरी नाही. लग्न पार मोडकळीला आलंय, एवढ्या एका कारणावर घटस्फोट देण्याची मुभा कौटुंबिक न्यायालयाला नाही. तो अधिकार सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली वापरतं. मे २०२३ मध्ये घटनापीठाने ते पुन्हा स्पष्ट केलं. तिथवर जाण्याची आपल्याला काहीच गरज नव्हती, कारण सोपी वाट समोर होती: कलम १३ ब, परस्पर संमतीचा घटस्फोट.

या कलमाच्या अटी तीन. दोघं अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळे राहत असावेत, एकत्र नांदणं जमत नाही असं दोघांचं म्हणणं असावं आणि लग्न संपवायला दोघांची संमती असावी. अर्ज दोघांनी मिळून करायचा. मग निदान सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टासमोर येऊन सांगायचं की आमचं म्हणणं कायम आहे. संमती अर्जाच्या दिवशी असून भागत नाही, ती हुकूमनामा होईपर्यंत जिवंत असावी लागते. मधे कुणी एकाने मागे घेतली की अर्ज बारगळला. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९१ मध्येच सांगितलेलं आहे.

‘आता सापडलाय’

दुसऱ्या भेटीला दादा तयारीने आले होते. त्यांचं गणित सरळ होतं. त्याला घाई आहे, हिला नाही, तर पिळून घ्या. पंचवीस लाख मागा, आणि नाही म्हणाला तर छळाची केस टाका.

छळ झाला होता का, हे मी तिला दादांना बाहेर बसवून विचारलं. बोलणी, टोमणे, अबोला होता. हुंड्याची मागणी नव्हती, हात उगारला नव्हता. “मग मी खोटं लिहिणार नाही,” मी सांगितलं. ती म्हणाली, “मलाही नकोय.” हा मुद्दा निव्वळ नीतीचा नाही. दंड संहितेचं पूर्वीचं कलम ४९८ अ, म्हणजे न्याय संहितेची आताची कलमं ८५ आणि ८६, यातली छळाची फिर्याद एकदा दाखल झाली की पुढे तडजोड झाली तरी नुसती मागे घेता येत नाही. रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. तडजोडीचं टेबल मांडायच्या आधीच त्याला आग लावण्यातला हा प्रकार. ज्यांच्यावर खरोखर छळ झालाय त्यांनी फिर्याद जरूर करावी, त्यांच्यासाठी कौटुंबिक हिंसाचार कायदाही आहे. दबावासाठी करू नये, इतकंच.

त्याच्या घाईबद्दल मात्र दादांचं अर्धं बरोबर होतं. घाई ही खरोखर तिची जमेची बाजू होती, पण ती घाई टिकाऊ नव्हती. ताणून धरलं आणि त्याचं ठरलेलं लग्न फिसकटलं, तर त्याला घटस्फोटाची गरजच उरणार नव्हती. मग हिच्या हातात पुन्हा तोच स्टॅम्पपेपर, कर्जात अडकलेलं नाव आणि लढायची झाली तर वर्षानुवर्षांची केस. मी म्हटलं, “अगं, त्याची घाई आहे तोवर तुझं जे आहे ते मागून घे. तुझं नाही ते मागायला बसलीस तर त्यातच दिवस जातील.”

तिला वकिलाचा खर्च झेपणार की नाही ही एक धास्ती होती. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं, हे मी प्रत्येक बाईला सांगते. ती म्हणाली, तुमचीच फी हप्त्याने देते. ठीक. त्याला मी वेगळा वकील करायला सांगितला. संमतीच्या अर्जात दोघांना मिळून एक वकील चालतो, पण पैशांचं बोलणं निघतं तेव्हा त्या एका वकिलाला दोन खुर्च्यांवर बसावं लागतं.

पाटल्या, फ्लॅट आणि ‘सोयीनुसार’

कोर्टातल्या तारखा लोकांच्या लक्षात राहतात, पण या प्रकरणात खरं काम झालं ते सप्टेंबरभर, माझ्या ऑफिसातल्या टेबलावर. संमतीच्या अर्जाला जोडायच्या अटी ठरवताना.

पहिला वाद सोन्याचा. २०१९ मध्ये फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी तिच्या माहेरच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या होत्या. सराफाची पावती तिने जपून ठेवली होती, एक लाख बासष्ट हजार. तो म्हणाला, तेवढे देतो. ती म्हणाली, मला पाटल्या द्या. २०२४ च्या भावाने त्याच पाच तोळ्यांचे साडेतीन लाखांच्या पुढे होत होते. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता, नवऱ्याकडे ते विश्वासाने ठेवलेलं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्वच्छ सांगितलंय. पण इथे त्या पाटल्या तिच्याच संमतीने मोडून दोघांच्या नावच्या घरात घातल्या होत्या, म्हणून त्याच्या वकिलाकडेही बोलायला जागा होती. शेवटी मी एक वेगळा प्रश्न टाकला: फ्लॅटची किंमत २०१९ च्या दराने धरणार का? तो फ्लॅट त्याला ठेवायचा होता. फ्लॅट आजच्या भावाने आणि सोनं जुन्या भावाने, असं दोन्हीकडून चालणार नाही, हे त्याच्या वकिलाला पटलं आणि मग त्यालाही पटलं.

दुसरा मुद्दा फ्लॅटचा, आणि यात बहुतेक जोडपी फसतात. “फ्लॅट त्याने ठेवावा, हप्ते त्याने भरावेत” असं अटींमध्ये लिहिलं, कोर्टाने हुकूमनामा दिला, की बाईला वाटतं आपण सुटलो. बँकेच्या लेखी ती सुटलेली नसते. बँक त्या खटल्यात पक्षकार नसते आणि नवरा-बायकोंनी आपसांत काय ठरवलं त्याने तिचा कर्जाचा करार बदलत नाही. त्याने उद्या हप्ते थकवले तर बँक सहकर्जदार म्हणून हिच्याच दारात येणार आणि हिने स्वतःसाठी कर्ज मागितलं तर जुनं कर्ज हिच्याच नावावर दिसणार. म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्या लागतात. एक, तिने मालकीतला आपला हिस्सा नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडायचा, मुद्रांक शुल्क त्याने भरायचं. दुसरी, त्याने बँकेकडून तिचं नाव सहकर्जदार म्हणून कमी झाल्याचं लेखी पत्र आणायचं. आणि क्रम असा लावायचा की आधी पत्र, मग हक्कसोड, मग कोर्टातली शेवटची सही. हा क्रम मी अटींमध्ये ठळक लिहिला. त्याच्या वकिलाने भुवया उंचावल्या, पण कबूल केलं.

तिने स्वतः भरलेले चौदा हप्ते, महिना अकरा हजारांचे, म्हणजे एक लाख चोपन्न हजार. त्यात पाटल्या आणि तिची एकरकमी कायमची पोटगी धरून आकडा नऊ लाखांवर ठरला. चार लाख अर्ज दाखल करताना, पाच लाख शेवटच्या तारखेला, डिमांड ड्राफ्टने. दादांचे पंचवीस लाख कुठे आणि हे नऊ कुठे, पण या नऊ लाखांमधल्या प्रत्येक रुपयाला कागद होता.

आता मुलगी. ती तेव्हा सहा वर्षांची होती आणि बापाला चौदा महिने भेटलेली नव्हती. त्याने करून आणलेल्या मसुद्यात एकच ओळ होती: ‘मुलीचा ताबा आईकडे राहील, वडील सोयीनुसार भेटतील.’

‘सोयीनुसार’ हा शब्द मला दिसला की मी लाल पेन काढते. कुणाच्या सोयीनुसार? हा शब्द लिहिताना दोघंही समंजस असतात, म्हणून तो गोड वाटतो. वर्षभराने एकाची सोय ही दुसऱ्याची गैरसोय होते आणि दोघं पुन्हा कोर्टात येतात, या वेळी लेकरावरून भांडायला. शिवाय ‘सोयीनुसार’ची अंमलबजावणी कोर्ट तरी कशी करणार? ‘दर पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा’ असं लिहिलं तर मोडलं की मोडलं हे दिसतं.

ती रात्रीच्या मुक्कामाला तयार नव्हती. कारण उघडपणे सांगत नव्हती, पण कळत होतं: त्या घरात आता दुसरी बाई येणार होती. त्याला मुक्काम हवाच होता. मग तोडगा निघाला. पहिले सहा महिने फक्त दिवसाच्या भेटी, म्हणजे लेकीला बापाची पुन्हा सवय होईल. मग महिन्यातून एक मुक्काम. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या निम्म्या-निम्म्या. मुलीचा खर्च दरमहा दहा हजार, दर वर्षी दहा टक्के वाढ, पाच तारखेच्या आत तिच्या खात्यात. शाळेची फी वेगळी, निम्मी-निम्मी. आणि एक बारीक कलम मी माझ्याकडून घातलं: मुलीच्या पासपोर्टसाठी आणि शाळेच्या कागदांसाठी लागेल तेव्हा दोघं सही करतील. हसू नका. याच एका सहीसाठी घटस्फोटानंतर अडवून धरलेली माणसं मी पाहिली आहेत. मुलांच्या बाबतीतल्या अटी कायमच्या बंद होत नाहीत, परिस्थिती बदलली तर कलम २६ खाली त्या बदलून मागता येतात. हेही दोघांना सांगितलं.

त्याचा पगार हातात अठ्ठेचाळीस हजार, तिचा चोवीस. हे आकडे अंदाजाचे नव्हते. दोघांनी पगाराच्या स्लिपा समोरासमोर ठेवल्या. पोटगीच्या वादात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिलंय. इथे वाद नव्हता, तरी मी तो नमुना भरून घेतला. चार महिन्यांनी “मला माहीतच नव्हतं” असं कुणी म्हणू नये म्हणून.

कोर्टात

ऑक्टोबर २०२४ मध्ये अर्ज दाखल झाला, दोघं शेवटचे जिथे एकत्र राहिले त्या शहराच्या कौटुंबिक न्यायालयात. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हेच काम दिवाणी न्यायालयात चालतं. विवाह नोंदणीचा दाखला, लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, दोघांची ओळखपत्रं, पत्त्याचे पुरावे, अटी, दोघांची प्रतिज्ञापत्रं. आणि वेगळं राहण्याचा पुरावा म्हणून तो फारकतनामा. अर्ज तपासणाऱ्या कारकुनाने तो पाहिला आणि माझ्याकडे पाहून नुसता हसला. त्याच्या टेबलावरून महिन्याला असे किती जात असतील कोण जाणे.

नोव्हेंबरमध्ये समुपदेशकांकडे पाठवलं. लोक या टप्प्याला घाबरतात किंवा त्याला फार्स समजतात. समेटाचा प्रयत्न करणं हे कौटुंबिक न्यायालयाचं कायद्याने ठरलेलं काम आहे आणि तिथे बोललेलं कोर्टात पुरावा म्हणून येत नाही. आधी दोघांना वेगवेगळं बोलावलं, मग एकत्र. एकत्र बसल्यावर अर्धा तास लग्नाबद्दल कुणी बोललंच नाही म्हणे. मुलगी अजून ‘ळ’ उलटा काढते की नाही, यावर बोलत होते. समुपदेशकांनी अहवालात लिहिलं: समेट शक्य नाही, संमती स्वेच्छेची आहे, मुलीच्या भेटी सुरू कराव्यात. भेटी त्या शनिवारपासूनच सुरू झाल्या, हुकूमनाम्याची वाट न पाहता.

त्याला सहा महिने थांबायचं नव्हतं. २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा सहा महिन्यांचा काळ बंधनकारकच आहे असं नाही, योग्य प्रकरणात कोर्ट तो माफ करू शकतं. त्यासाठी दोघांचं वेगळं राहणं अर्जाआधीच दीड वर्षाचं झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, पोटगी, ताबा आणि बाकी देणंघेणं खरोखर मिटलेलं असावं आणि थांबण्याने फक्त मनस्ताप वाढणार असावा. आमचं वेगळं राहणं साडेतीन वर्षांचं होतं. डिसेंबरमध्ये माफीचा अर्ज दिला.

न्यायाधीशबाईंनी अर्ज वाचला, अटी वाचल्या आणि एकच विचारलं, “बँकेचं पत्र कुठे आहे?”

ते नव्हतं. बँक म्हणत होती की एकट्याच्या पगारावर एवढं कर्ज बसत नाही, दुसरा सहकर्जदार आणा. “मग सगळं मिटलंय असं कसं म्हणता?” असं म्हणून त्यांनी माफीचा अर्ज प्रलंबित ठेवला. बाहेर कॉरिडॉरमध्ये तो माझ्यावर चिडला. “मॅडम, पत्र येईल की. सही तर करू दे. हुकूमनामा झाल्यावर काय मी पळून जाणारे?” मी काही बोलले नाही, माझा पक्षकार तो नव्हता. उत्तर तिनेच दिलं, फार शांतपणे: “तू पळणार नाहीस. पण बँकेला ते माहीत नाही.”

मी चमकले ते वाक्याने नाही. ती त्याला ‘तू’ म्हणाली होती.

त्याचा थोरला भाऊ सहकर्जदार व्हायला तयार होईपर्यंत फेब्रुवारी उजाडला. त्याचे कागद, बँकेची छाननी, पुन्हा एक राहिलेला कागद. मार्च २०२५ च्या शेवटी पत्र आलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकेचं ना-हरकत घेऊन दुय्यम निबंधकांकडे हक्कसोडपत्र नोंदलं. तोवर सहा महिने असेही होत आले होते. ज्या माफीसाठी एवढी धावाधाव केली, तिचा अर्ज पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन आम्ही मागे घेतला. अर्ज आणि शेवटची तारीख यांच्या मधला तो काळ कायद्याने ठेवला होता, पण आमच्यासाठी तो भरला तो बँकेने.

याच मधल्या काळात दादांनी एकदा तिला सांगून पाहिलं की आता थोडं अजून मागून बघ. तिने ते मला फोनवर सांगितलं. अटींवर सही झाल्यावर आकडा वाढवायचा म्हणजे संमती मागे घेण्याची धमकीच, आणि चार लाख तर तिने घेतलेले होते. मी स्पष्ट नाही म्हटलं. तिनेही विषय संपवला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तारीख लागली. बोर्डावर आमचा नंबर सतरा. दोघांची पुराव्याची प्रतिज्ञापत्रं आधीच दिलेली होती. न्यायाधीशबाईंनी दोघांना एकेक करून विचारलं: कुणाचा दबाव आहे का, अटी वाचल्यात का, समजल्यात का, मुलीच्या भेटी चालू आहेत का. ड्राफ्ट दाखवला, नंबर रोजनाम्यात नोंदला, तिच्या हातात दिला. सगळं मिळून दहा मिनिटं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “एवढंच?” सगळे असंच म्हणतात.

त्याला लगेच विचारायचं होतं की लग्न कधी करू शकतो. कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं, पण संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्यात अपीलच नाही, त्यामुळे तो थांबा इथे लागत नव्हता. तरीही प्रमाणित प्रत हातात येईपर्यंत पत्रिका छापू नका, असं त्याच्या वकिलाने त्याला सांगितलं आणि मी मान हलवली. तिला मी वेगळी यादी दिली: नकलेच्या दोन प्रती काढ, भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि बँक खात्यांवरचं नामनिर्देशन बदल, आणि सहा महिन्यांनी एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट काढून ते कर्ज नावावरून खरंच गेलंय का ते बघ. घटस्फोट झाल्यावरही वर्षानुवर्षं विम्याच्या कागदावर जुनंच नाव राहिलेली माणसं थोडी नाहीत.

मे महिन्यात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. हुकूमनाम्यावर वकील म्हणून माझं नाव वाचून त्या होणाऱ्या सासऱ्यांनी नंबर शोधला होता. निकाल खरा आहे ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं, मी मुलीकडची, म्हणजे पहिल्या पत्नीची वकील, मला यावर तुमच्याशी बोलता येणार नाही. तुम्ही जावईबापूंकडून प्रमाणित प्रत मागा, झेरॉक्स नको. प्रत्येक पानावर कोर्टाचा शिक्का बघा आणि नक्कल कधी मागितली, कधी तयार झाली, कधी दिली त्या तारखा बघा.

पलीकडे कागदांची सळसळ ऐकू आली. जरा वेळाने ते म्हणाले, “हां. मागच्या पानावर आहेत तारखा. तीनही आहेत.”